एकाच व्यवहारात एकच नाणं दोनदा: बिटकॉइन कोअरमधल्या २०१८ च्या बगचं प्रकरण

१७ सप्टेंबर २०१८ रोजी, यूटीसी वेळेनुसार १४:५७ वाजता, बिटकॉइनचं मुख्य सॉफ्टवेअर असलेल्या बिटकॉइन कोअरच्या तीन जुन्या डेव्हलपरांना आणि बिटकॉइनमधून फुटून निघालेल्या बिटकॉइन कॅश या चलनाच्या दोन वेगवेगळ्या क्लायंटच्या (ते चलन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) माणसांना एक निनावी अहवाल मिळाला. त्यात म्हटलं होतं की अमुक पद्धतीने रचलेला ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, नेटवर्कवर सोडला, तर तो तपासता तपासता नोड, म्हणजे हे सॉफ्टवेअर चालवणारा संगणक, क्रॅश होतो. ब्लॉक रचायला अवघड काही नव्हतं. त्यात एकच असा व्यवहार हवा होता, ज्याच्या इनपुटच्या यादीत तेच नाणं दोनदा लिहिलेलं आहे.

नोड बंद पडणं वाईटच. पण दोन तास पन्नास मिनिटांनी, १७:४७ ला, कोअरचे डेव्हलपर मॅट कोरालो यांच्या लक्षात आलं की क्रॅश हे या दुखण्याचं सौम्य रूप आहे. ०.१५ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांमध्ये ब्लॉक जरा वेगळा रचला, तर नोड बंद पडत नाही. तो ब्लॉक मुकाट स्वीकारतो आणि मागे काहीही नसताना नवी नाणी तयार होतात. बिटकॉइनची सगळी भिस्त ज्यावर आहे, ती २ कोटी १० लाखांची मर्यादा कागदावरच राहते.

या बगला पुढे सुरक्षात्रुटींच्या सार्वजनिक यादीतला सीव्हीई-२०१८-१७१४४ हा क्रमांक मिळाला. त्याची गोष्ट बहुतेक वेळा ‘थोडक्यात निभावलं’ अशा सुरात सांगितली जाते, आणि निभावलं हे खरंच आहे. मला मात्र ती टेस्टिंगच्या बाजूने जास्त महत्त्वाची वाटते. या नियमासाठी टेस्ट लिहिलेली होती. ती सगळा काळ पास होत होती. तरीही ब्लॉक तपासताना हा नियम दीड वर्ष कुणीच धडपणे तपासत नव्हतं.

नियम आणि त्याच्या तीन चौक्या

बिटकॉइनमध्ये खातं आणि शिल्लक असा प्रकार नाही. असतात ती आधीच्या व्यवहारांतून निघालेली, अजून न खर्चलेली आउटपुट. नवा व्यवहार त्यातली काही इनपुट म्हणून घेतो आणि नवी आउटपुट तयार करतो. इनपुटची बेरीज आउटपुटच्या बेरजेहून कमी असता कामा नये. उरलेली रक्कम मायनरची, म्हणजे ब्लॉक तयार करणाऱ्याची, फी. प्रत्येक नोड न खर्चलेल्या आउटपुटची यादी स्वतःजवळ ठेवतो. तिला यूटीएक्सओ संच म्हणतात.

तेच आउटपुट दोनदा खर्चता येऊ नये, हा या साऱ्या डोलाऱ्याचा पाया. पण ‘दोनदा खर्च’ तीन ठिकाणी होऊ शकतो: दोन वेगळ्या ब्लॉकमध्ये, एकाच ब्लॉकमधल्या दोन व्यवहारांत, किंवा एकाच व्यवहाराच्या आत. पहिल्या दोन बाबतींत यूटीएक्सओ संचच बंदोबस्त करतो. पहिला व्यवहार लागू झाला की ते आउटपुट संचातून जातं आणि दुसऱ्याला ते सापडत नाही. तिसऱ्या बाबतीत ही पद्धत तोकडी पडते. एका व्यवहाराची सगळी इनपुट आधी तपासली जातात आणि मग एकदमच खर्ची टाकली जातात. तपासणीच्या क्षणी दोन्ही जागी लिहिलेलं नाणं अजून संचात असतंच. ‘हे आहे का?’ या प्रश्नाला दोन्ही वेळा ‘आहे’ असंच उत्तर मिळतं आणि रक्कमही दोनदा धरली जाते. ५ बिटकॉइनचं एक आउटपुट दोनदा लिहा, की इनपुटची बेरीज १०.

म्हणून चेकट्रान्झॅक्शन या फंक्शनमध्ये एक स्वतंत्र तपासणी होती: इनपुट एकेक करून एका संचात टाकत जा, कुठलंही आधीच हजर असलं तर व्यवहार नाकारा. हे फंक्शन दोन वाटांवरून बोलावलं जाई. सुटा व्यवहार मेमपूलमध्ये (ब्लॉकची वाट पाहणाऱ्या व्यवहारांच्या साठ्यात) येताना, आणि संपूर्ण ब्लॉक आल्यावर चेकब्लॉकमधून. याखेरीज यूटीएक्सओ संच बदलणाऱ्या अपडेटकॉइन्समध्ये एक असर्ट होता. खर्च होणारं आउटपुट त्या क्षणी न खर्चलेलंच असलं पाहिजे, नाहीतर प्रोग्रॅम तिथल्या तिथे थांबवा, असं तो सांगे.

अर्धा मिलिसेकंद

२०१६ मध्ये सगळ्यांचं लक्ष ब्लॉक लवकर पसरवण्याकडे होतं. ब्लॉक संक्षिप्त रूपात पाठवण्याची ‘कॉम्पॅक्ट ब्लॉक’ ही पद्धत नुकतीच आली होती. ब्लॉक पुढे पाठवण्याआधीची तपासणी जितकी हलकी, तितका तो नेटवर्कभर लवकर पोचतो, आणि लवकर पोचला तर लहान मायनरांचं नुकसान कमी होतं. हेतू नेक होता, हे नोंदवून ठेवायला हवं. नंतरच्या काळात या बदलाकडे ‘काही मायक्रोसेकंदांसाठी पैशाची सुरक्षितता विकली’ अशा नजरेने पाहिलं गेलं. तो आरोप मला अर्धवट वाटतो.

पुल रिक्वेस्ट (कोड बदलण्याचा प्रस्ताव) ९०४९ मध्ये कोरालो यांनीच सुचवलं की चेकब्लॉककडून चेकट्रान्झॅक्शन बोलावताना दुहेरी इनपुटची तपासणी वगळावी. कारण ती महाग आहे आणि तेच काम पुढे यूटीएक्सओ संच बदलताना होतंच. सोबत मोजमापही दिलं होतं: चेकब्लॉकमध्ये सुमारे ०.५ ते ०.७ मिलिसेकंद वाचतात. फंक्शनला एक नवा बूलियन (हो किंवा नाही एवढंच सांगणारा) पॅरामीटर मिळाला. मूळ किंमत ‘ट्रू’, चेकब्लॉकमधून मात्र ‘फॉल्स’. रिव्ह्यू झाला आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये बदल मर्ज झाला. मार्च २०१७ च्या ०.१४.० मधून तो जगभरच्या नोडवर गेला.

‘ते काम पुढे होतंच’ हे विधान त्या दिवशी निम्मं खरं होतं. पुढे होता तो असर्ट. असर्टचं काम असतं ‘असं कधीच घडणार नाही’ हे प्रोग्रॅमरचं गृहीतक नोंदवून ठेवणं. बाहेरून आलेला डेटा खोटा आहे का हे ठरवणं हे त्याचं काम नव्हे. बाहेरून आलेला वाईट ब्लॉक नाकारायचा असतो, त्याच्यामुळे आपण मरायचं नसतं. वरची तपासणी काढली त्या क्षणी तो असर्ट अनोळखी माणसाच्या हाताला लागेल असा झाला. ०.१४ मध्ये यातून क्रॅश मिळाला आणि निनावी अहवालात त्याचंच वर्णन होतं.

बिटकॉइन कॅश ऑगस्ट २०१७ मध्ये वेगळं झालं, तेव्हा त्याच्या मुख्य क्लायंटने कोअरचा कोड उचलला होता, आणि त्याबरोबर हा बगही. बग शोधणारा माणूसही त्याच बाजूचा निघाला: बिटकॉइन कॅशच्या बिटकॉइन अनलिमिटेड या क्लायंटवर काम करणारा, टोपणनावाने वावरणारा डेव्हलपर. दोन्ही गटांत तेव्हा विस्तव जात नव्हता. तरी त्याने अहवाल दोघांनाही एकाच वेळी दिला.

०.१५: असर्टचा अर्थ बदलतो

खरी मेख इथे आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या ०.१५.० मध्ये यूटीएक्सओ संच साठवण्याची रीतच बदलली. आधी एका व्यवहाराची सगळी आउटपुट एकत्र साठवली जात. आता प्रत्येक आउटपुटची वेगळी नोंद ठेवली जाऊ लागली. काम मोठं होतं, गरजेचंही होतं. संसाधनं संपवणारा एक हल्ला त्यामुळे बंद झाला. त्या फेरमांडणीत असर्टची ओळ जवळपास तशीच दिसत राहिली, पण ती विचारत असलेला प्रश्न बदलला. पूर्वी तिचा प्रश्न ‘हे आउटपुट अजून न खर्चलेलं आहे ना?’ असा होता. आता तो झाला, ‘याची नोंद कॅशमध्ये सापडते ना?’ (ही कॅश म्हणजे बिटकॉइन कॅश नव्हे. डिस्कवर लिहिण्याआधी नोंदी मेमरीत ठेवण्याची ती जागा.)

हे दोन प्रश्न एकच वाटतात, पण कॅश कशी चालते ते पाहिलं की फरक दिसतो. आउटपुट याच ब्लॉकमध्ये जन्मलेलं असेल आणि डिस्कवरच्या डेटाबेसला त्याची गंधवार्ता नसेल, तर त्याच्या नोंदीवर ‘फ्रेश’ अशी खूण असते. असं आउटपुट खर्च झालं की नोंद कॅशमधून पुसूनच टाकतात, कारण डिस्कला काही कळवायची गरज नाही. दुसऱ्यांदा खर्च करायला गेलं की नोंद सापडत नाही, असर्ट फुटतो, नोड बंद.

आउटपुट आधीच्या ब्लॉकमधलं असेल, तर ते डिस्कवर आहे. ते खर्च झालं हे डिस्कला सांगावं लागतं, म्हणून कॅशमधली नोंद पुसत नाहीत. ती रिकामी करून ‘डर्टी’ अशी खूण करून ठेवतात. आता दुसऱ्यांदा खर्च करायला गेलं की नोंद सापडते. रिकामी, खर्चलेली, पण सापडते. असर्टचं समाधान होतं. ब्लॉक पास.

भरवशाच्या म्हशीला टोणगा व्हावा तसा हा प्रकार. वरची तपासणी खालच्या असर्टच्या भरवशावर काढली आणि वर्षभरात तो असर्टच आतून पोकळ झाला. या दोन बदलांच्या वेळी रिव्ह्यू करणाऱ्यांपुढे दोन वेगवेगळे फरक होते. आपल्यापुरता प्रत्येक फरक समजण्यासारखा होता. ‘इथली तपासणी तिथल्या ओळीवर अवलंबून आहे’ हे मात्र कोडमध्ये कुठेही लिहिलेलं नव्हतं. निदान दुसऱ्या बदलाच्या वेळी वाचणाऱ्याला अडखळायला लावेल अशा जागी तरी नव्हतंच.

यावरून मार्च २०१३ ची फूट आठवते. ०.८ आवृत्तीने बर्कली डीबी सोडून लेव्हलडीबी घेतला आणि जुन्या डेटाबेसच्या लॉकच्या मर्यादेमुळे २,२५,४३० क्रमांकाचा एक मोठा ब्लॉक जुन्या नोडना पचला नाही. नव्यांनी तो घेतला आणि साखळी फुटली. तिथे कुणी न लिहिलेला नियम डेटाबेसमध्ये दडला होता. २०१८ मध्ये नीट लिहिलेला नियम पुसून त्याची जबाबदारी डेटाबेसच्या कॅशवर टाकली गेली होती. दोन्ही वेळा सहमतीचा नियम, म्हणजे सगळ्या नोडनी सारखाच पाळायचा नियम, अशा थरात जाऊन बसला, जिथे त्याला कुणी शोधायला जात नाही.

टेस्ट पास, नियम नापास

बिटकॉइन कोअरमध्ये तेव्हाही टेस्टची कमतरता नव्हती. चुकीच्या व्यवहारांची एक लांबलचक फाइल आहे. तिच्यातल्या प्रत्येक व्यवहाराला नकार मिळालाच पाहिजे. त्यात दुहेरी इनपुटचा व्यवहारही आहे. ही युनिट टेस्ट चेकट्रान्झॅक्शनला थेट बोलावते. नवा पॅरामीटर न देता बोलावलं की मूळ किंमत ‘ट्रू’ लागू होते, तपासणी चालते, व्यवहार नाकारला जातो आणि टेस्ट हिरवी. मेमपूलची वाटही तशीच सुरक्षित राहिली. अशा व्यवहाराला नेटवर्कवर कुणी थारा देत नसे. म्हणूनच हा हल्ला फक्त मायनरला शक्य होता, कारण तो व्यवहार स्वतःच ब्लॉकमध्ये बसवू शकतो.

ब्लॉकच्या वाटेवर मात्र एकही टेस्ट नव्हती. हे अंदाजाने म्हणत नाही. ०.१४ मध्ये असा ब्लॉक नोडला दिला की नोड क्रॅश होतोच. एखादी जरी टेस्ट असा ब्लॉक पाठवत असती, तर पुल रिक्वेस्टच्या पहिल्याच धावेत ती फुटली असती. फुटली नाही, म्हणजे नव्हती.

एखादी तपासणी काढल्यावर सगळ्या टेस्ट हिरव्या राहिल्या, तर त्याचे दोन अर्थ निघतात. तपासणी खरंच अनावश्यक असेल, किंवा तिच्यावर पहारा ठेवणारं कुणीच नसेल. हिरव्या रंगावरून यातलं कोणतं खरं ते कळत नाही. नवीन वैशिष्ट्य जोडताना ‘याची टेस्ट कुठे आहे?’ हे रिव्ह्यूत हमखास विचारलं जातं. काहीतरी काढताना तो प्रश्न क्वचित येतो. माझ्या मते सहमतीच्या कोडमध्ये उलट असायला हवं. तपासणी काढणाऱ्यानेच, ती काढल्यावरही तोच वाईट ब्लॉक नाकारला जातो हे दाखवणारी टेस्ट सोबत द्यावी. इथे ती दिली असती, तर ‘पुढे होतंच’ या विधानाची परीक्षा त्याच दिवशी झाली असती. शिवाय ती टेस्ट ०.१५ च्या फेरमांडणीतही पहाऱ्यावर राहिली असती.

अशी टेस्ट लिहिणं कठीण नाही, आणि नव्याने हात घालणाऱ्यासाठी हा चांगला सराव आहे. कोअरमध्ये रेगटेस्ट नावाचा प्रकार आहे. आपल्याच मशीनवर, कुणाशीही न जोडलेलं एक खासगी नेटवर्क, जिथे ब्लॉक हवा तेव्हा क्षणात काढता येतो. पायथॉनमधली टेस्टची चौकट नोड सुरू करते आणि त्याच्याशी शेजारी नोड असल्यासारखं बोलते. काही ब्लॉक काढून एक आउटपुट खर्चायोग्य करायचं, ते दोनदा इनपुट म्हणून घेणारा व्यवहार हाताने बांधायचा, तो ब्लॉकमध्ये घालून पाठवायचा, आणि नोडने ठरलेलं नकाराचं कारण दिलं का ते बघायचं. दोन प्रकार करून पाहावेत: आउटपुट याच ब्लॉकमधलं आणि आउटपुट आधीच्या ब्लॉकमधलं. बिघडलेल्या ०.१६ वर पहिल्यात नोड मरतो, दुसऱ्यात तो आनंदाने पुढे जातो. दुसरा प्रकार जास्त भीतिदायक, कारण लॉगमध्ये काहीच विचित्र दिसत नाही.

काय लपवायचं, काय सांगायचं

१७ तारखेच्या उरलेल्या दिवसात जे घडलं ते मुक्त स्रोत प्रकल्पाच्या दृष्टीने फार अडचणीचं होतं. दुरुस्ती सोपी होती: चेकब्लॉकमधला ‘फॉल्स’ पुन्हा ‘ट्रू’. पण कोड सगळ्यांसमोर आहे. पॅच टाकला की जगातला कुणीही तो वाचणार. क्रॅशचा हल्ला करणाऱ्याला एका ब्लॉकच्या बक्षिसावर, म्हणजे १२.५ बिटकॉइनवर, पाणी सोडावं लागलं असतं. त्या वेळच्या भावाने साधारण ८० हजार डॉलर. फुकट नाणी काढण्याच्या हल्ल्यात मात्र मोह कितीतरी मोठा होता. तो यशस्वी झाला असता तर नेटवर्कचे तुकडे झाले असते. ०.१३ आणि त्याआधीचे नोड ब्लॉक नाकारणार, ०.१४ वाले बंद पडणार, ०.१५ पासूनचे तो घेऊन पुढे जाणार.

कोअरच्या डेव्हलपरांनी ठरवलं की जाहीर करायचं ते फक्त क्रॅशबद्दल. अहवालात क्रॅशच होता, त्यामुळे सांगितलेलं खोटं नव्हतं, अपुरं होतं. १९:२९ ला कोअरचेच ग्रेगरी मॅक्सवेल यांनी नाणी वाढवणारी टेस्ट लिहून तिच्या हॅशची (मजकुरावरून काढलेल्या डिजिटल ठशाची) कालनोंद केली. पुढे कुणी विचारलं तर ‘आम्हाला तेव्हाच माहीत होतं’ याचा पुरावा, मजकूर न उघडता. २०:३० ला स्लशपूल या मायनिंग पूलला क्रॅशचं कारण सांगून पॅच दिला गेला आणि १८ मिनिटांत त्यांनी तो लावला. २१:५७ ला दुरुस्तीची पुल रिक्वेस्ट १४२४७ खुली झाली. तिच्यात टेस्टही होती, पण ती मुद्दाम याच ब्लॉकमधल्या आउटपुटची. ती चालवून पाहणाऱ्याला क्रॅशच दिसणार. ही चतुराई मला फार आवडते. टेस्ट दुरुस्ती सिद्ध करते आणि वाचणाऱ्याचं लक्ष सौम्य रूपावर ठेवते. मध्यरात्रीनंतर ००:२४ ला ०.१६.३ ही दुरुस्त आवृत्ती टॅग झाली. तयार बायनरी (थेट चालवता येणारे प्रोग्रॅम) यायला १८ तारखेची संध्याकाळ उजाडली.

हे वागणं योग्य होतं का, यावर तेव्हा वाद झाला. ‘क्रॅश’ ऐकून निवांत बसलेल्या नोडचालकाला धोक्याची खरी मात्रा कळली नाही, हा आक्षेप खराच आहे. तरी दुसरा पर्याय काय होता, हे आक्षेप घेणाऱ्यांना पटेल असं सांगता आलेलं नाही. झाकपाक टिकणार नव्हतीच. २० सप्टेंबरला आणखी एकाने पॅचकडे पाहून नाणी वाढवण्याची बाब स्वतंत्रपणे शोधली आणि कळवली. त्याच दिवशी प्रकल्पाने सगळी हकीकत वेळापत्रकासह जाहीर केली. तोवर निम्म्याहून अधिक मायनिंग क्षमता दुरुस्त आवृत्तीवर आली होती. मुख्य साखळीवर या बगचा फायदा कुणी घेतला नाही.

जे कोड उचलतात त्यांचं

बिटकॉइन कोअरचा कोड घेऊन स्वतःचं चलन काढणारे शेकड्याने आहेत. नाव बदलायचं, ब्लॉकची वेळ बदलायची, एकदा प्रकाशित करायचं. पुढे मूळ प्रकल्पात काय दुरुस्त होतंय याकडे बघायला बऱ्याच ठिकाणी कुणी नसतं. सप्टेंबर २०१८ संपायच्या आतच पिजनकॉइन या लहान चलनावर हाच बग वापरून कुणीतरी सुमारे २३.५ कोटी नाणी काढली. तोवर दुरुस्ती जाहीर होऊन आठवडा उलटला होता. कोड उचलण्याची परवानगी लायसन्स देतं, पण मूळ कोडमधला पॅच आपल्या शाखेत आणायचं काम ज्याचं त्याने करायचं असतं. त्यासाठी मूळ आणि आपल्या कोडमधलं अंतर कमीत कमी ठेवावं लागतं, नाहीतर एका शब्दाचा पॅचही लागत नाही.

कोअरमध्ये पुढे तो बूलियन पॅरामीटरच काढून टाकला गेला. आता चेकट्रान्झॅक्शन कुणीही बोलावलं तरी दुहेरी इनपुटची तपासणी होतेच, वगळण्याची सोयच ठेवलेली नाही. त्या ओळींच्या वर सीव्हीईचा क्रमांक घालून टिप्पणी लिहिली आहे. इनपुट उपलब्ध आहेत का हे दुसरीकडे तपासलं जातं, ती खर्ची टाकण्याचं कामही दुसरीकडे होतं, पण दुहेरी इनपुट त्यातलं कुणीच पाहत नाही, असं ती सांगते. ही तपासणी न चालवल्यास खालच्या डेटाबेसच्या रचनेनुसार एकतर क्रॅश होईल किंवा नाणी वाढतील, असंही तिच्यात आहे. २०१६ मध्ये जे अवलंबित्व कुठेच लिहिलेलं नव्हतं, ते आता कोड वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आहे. अर्धा मिलिसेकंद वाचवायचा असेल, तर तो आता दुसरीकडे शोधावा लागतो.